पगार मुलाचा, पिन भावाकडे

"त्याला दिसत नाही. एटीएमचा पिन त्याच्याच हाती दिला आणि कोणी फसवलं तर?" टेलिफोन ऑपरेटर असलेल्या अंध तरुणाच्या आईचा हा प्रश्न. खातं मुलाच्या नावावर, पण कार्ड थोरल्या भावाकडे आणि ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. मुलगा एवढंच म्हणाला, "माझी शिल्लक मला विचारावी लागते."

भीती खरी होती, उपाय मात्र उलटा. पिन दुसऱ्याला ठाऊक असणं हाच मोठा धोका. आपणच पिन सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचंच.

सुरुवात मोबाइल नंबरापासून करायला मी सांगितली, कारण तो भावाचा असेपर्यंत बाकी सगळं व्यर्थ. शाखेत जाऊन त्यानं स्वतःचा नंबर नोंदवला. मग बोलक्या एटीएमला इअरफोन जोडून पिन बदलला. यूपीआयचा पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतो. ते आईकडून एकदाच वाचून घेऊन पाठ केले. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी फोनमधली सोय, ओटीपीही मोठ्यानं वाचते, म्हणून व्यवहार इअरफोन लावूनच. काही अॅपमध्ये पिनचा कीपॅड वाचलाच जात नाही. तिथे अंदाजानं बोट फिरवू नये, अॅप बदलावं. पहिला व्यवहार आईला एक रुपया पाठवून.

चेकबुक मात्र शाखेनं अडवलं: "संयुक्त खातं करा." रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ च्या परिपत्रकानुसार अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर नाकारता येत नाही. त्याची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. असा अर्ज फेटाळला, किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. इथे तेवढी वेळ आली नाही.

रोख रकमेचा सराव सर्वांत चिवट निघाला. नव्या मालिकेतल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर, फरक फक्त लांबीत: शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटर घाईत बोटांना कळत नाहीत. कडेच्या उंचावलेल्या तिरप्या रेषा, शंभरवर चार आणि पाचशेवर पाच, जुन्या नोटांवर झिजतात. म्हणून घरी रिझर्व्ह बँकेच्या 'मनी' अॅपनं नोट ओळखायची आणि पाकिटात किमतीप्रमाणे वेगवेगळी घडी घालून ठेवायची. नोट खरी की खोटी, हे ते अॅप सांगत नाही.

घरखर्चाची रक्कम त्यानंच ठरवली. दरमहा ती आपोआप आईच्या खात्यात जाते. भाऊ दुखावला होता. त्याला नॉमिनी केलं, आणि खातेदार हयात असेपर्यंत नॉमिनीचा खात्यावर कसलाही अधिकार नसतो, हे दोघांनाही समोरासमोर सांगितलं.