दातात भरायच्या सिमेंटमधलं शिसं-आर्सेनिक मोजायला एक्सआरएफ चालेल का?

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की एमडीएसच्या थिसिससाठी ग्लास आयोनोमर सिमेंटच्या तीन ब्रँडमधलं शिसं आणि आर्सेनिक मोजायचंय, नागपुरात एक्सआरएफ (सॅम्पलवर क्ष-किरण मारून धातू ओळखायची पद्धत) स्वस्तात होऊन राहिलं तर तेच करू का आयसीपी-एमएसच (द्रावणातले धातू अणूच्या वजनावरून मोजणारं मशीन) लागेल. मी इथंच धातूंच्या अ‍ॅनालिसिसचं काम करतो म्हणून सांगतो, मशीनचं नंतर बघू, आधी सॅम्पल कसं विरघळवणार ते ठरवा.

आयएसओ ९९१७-१ या दातांच्या सिमेंटच्या आंतरराष्ट्रीय मानकातली लिमिट आहे आर्सेनिक किलोला २ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम, पण ती आम्लात सुटून येणाऱ्या भागाची आहे, पावडरमध्ये एकूण किती आहे त्याची नाही. म्हणजे सिमेंट कालवायचं, सेट होऊ द्यायचं, बारीक कुटायचं, हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून गाळायचं आणि खाली आलेल्या पाण्यात मोजायचं. नुसती पावडर लॅबला देऊन एकूण आकडा आणला आणि तो या लिमिटशी लावला तर चांगलं मटेरियलही फेल दिसेल, आणि व्हायवाला पहिला प्रश्न तिथंच येईल. एकूण पण हवंच असेल तर काच फोडायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, ते कॉलेजच्या लॅबमध्ये कृपा करून करू नका, पातळ असलं तर लागल्या लागल्या दुखतही नाही आणि कातडीतून आत हाडापर्यंत जातं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर ती बाटली उघडायचीच नाही.

आता एक्सआरएफ. पावडरमध्ये स्ट्रॉन्शियम आहे का लॅन्थॅनम, हे बघायला मस्त (ते एक्सरेत फिलिंग दिसावं म्हणून मुद्दाम टाकलेलं असतं, थिसिसमध्ये अशुद्धी म्हणून लिहू नका). पण नेमकी तुमचीच जोडी त्यात अडचणीची आहे, आर्सेनिकची मुख्य रेषा (प्रत्येक धातू ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण देतो, ती त्याची रेषा) आणि शिशाची एक मोठी रेषा दोन्ही १०.५ केईव्ही ऊर्जेच्या आसपास, जवळजवळ एकमेकींवर येतात. शिसं बऱ्यापैकी असलं की २ पीपीएम (म्हणजे किलोला २ मिलिग्रॅम) आर्सेनिक त्याच्याखाली दबून जातं, मग सॉफ्टवेअर देईल तो आकडा खरा मानायचा कसा?

म्हणून आयसीपी-एमएस. १ ग्रॅम सिमेंटचं ५० मिली द्रावण केलं तर लिमिटवरचं आर्सेनिक ४० पीपीबी (लिटरला ४० मायक्रोग्रॅम) येतं, ते या मशीनला सहज दिसतं. फक्त इथं आम्लातलं क्लोरीन नडतं, आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ जोडीनं ७५ वजनाचे होतात आणि आर्सेनिकही ७५ वरच मोजतात, त्यामुळे नसलेलं आर्सेनिक दिसायला लागतं. हेलियम कोलिजन मोडमध्ये (हेलियम वायूनं असे जोडकण अडवायची सेटिंग) रन करा असं ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा.

कुटायला अ‍ॅगेटचा (अकीक दगडाचा) खल घ्या. स्टीलचा नको, हे सिमेंट स्टीलच्या स्पॅच्युलानं कालवत नाहीत त्याच कारणासाठी, काचेची पावडर स्टील घासून काढते. चाळणी नायलॉनची, पितळेत शिसं असू शकतं. आणि सॅम्पल नसलेला ब्लँक प्रत्येक बॅचला, अगदी त्याच बाटल्या, तेच आम्ल, तोच फिल्टर पेपर घेऊन.

कुठं करायचं म्हणाल तर मी पाणी तपासणाऱ्या लॅबपेक्षा खनिजवाल्यांकडे आधी विचारीन. हिंगण्याला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची लॅब आहे, वाडीला अमरावती रोडवर अ‍ॅल्युमिनियमवरची संशोधन संस्था जेएनएआरडीडीसी आहे, आणि तुमची पावडर शेवटी अ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचच आहे, सिलिकेट हाताळायची सवय असलेली माणसं तिथं भेटतील. बाहेरचं सॅम्पल घेतात का आणि रेट काय ते गाइडच्या पत्रासोबत जाऊनच विचारा, फोनवर नीट कळत नाही. विचारताना ब्लँकचा आकडा आणि स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम मोजून घातलेल्या धातूपैकी किती परत सापडला) रिपोर्टमध्ये देणार का हेही विचारा, जिथं नाही म्हणतील तिथं सॅम्पल देऊ नका.