स्लरी छान वाहते, तरी तळाशी घट्ट थर का बसतो?

प्रश्न : स्प्रे ड्रायरला (गरम हवेत फवारा मारून भुकटी करणारं यंत्र) वजनाने ६० टक्के सॉलिड्सची, म्हणजे घन कणांची, स्लरी (पाण्यात कालवलेली दाट भुकटी) देतो. ६५ टक्क्यांवर नेली तर इंधन वाचेल का?

चांगलंच वाचेल. ६० टक्क्यांना एक किलो कोरड्या मालामागे सुमारे ०.६७ किलो पाणी उडवावं लागतं, ६५ टक्क्यांना ०.५४ किलो. म्हणजे बाष्पीभवनाचं काम जवळपास एक पंचमांशाने घटतं. पण या टप्प्यात कण एकमेकांना खेटू लागतात आणि दाटपणा एकदम उसळतो. म्हणून आधी डिस्पर्संटची (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाची) मात्रा ठरवा, मगच पाणी कमी करा.

प्रश्न : डिस्पर्संट वाढवत गेलो. स्लरी आधी पातळ झाली, मग पुन्हा घट्ट. माल खराब आहे का?

बहुधा मात्रा जास्त झाली. सोडियम पॉलिॲक्रिलेटसारख्या डिस्पर्संटमुळे कणांवर ऋणभार येतो आणि ते एकमेकांना दूर सारतात. कणांचा पृष्ठभाग भरला की उरलेलं डिस्पर्संट पाण्यातच राहतं आणि त्यातले सोडियम आयन हे दूर सारणं कमकुवत करतात. जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. त्यामुळे चाचणी कारखान्यातल्याच पाण्याने घ्या.

प्रश्न : कॅल्शियम कार्बोनेटची स्लरी सहज वाहते, पण सुट्टीनंतर टाकीच्या तळाशी दगडासारखा थर मिळतो. असं कसं?

सहज वाहते म्हणूनच. पूर्ण सुटे झालेले कण सावकाश, एकेकटे उतरतात आणि फटींत चपखल बसतात. गुठळ्या झालेले कण लवकर बसतात, पण त्यांचा गाळ सैल असतो, ढवळला की उठतो. कणाचा व्यास दुप्पट झाला तर एकट्या कणाचा बसण्याचा वेग चौपट होतो. दाट स्लरीत मात्र वर येणारं पाणी सगळ्यांनाच अडवतं. रिचर्डसन आणि झाकी यांच्या १९५४च्या सूत्रानुसार, आकारमानाने ३० टक्के सुटे कण असतील तर वेग साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. लांब सुट्टीला तोही पुरेसा ठरतो.

माझं मत स्पष्ट आहे : सर्वांत पातळ स्लरीच्या मागे लागू नका. डिस्पर्संट किंचित कमी ठेवा, म्हणजे स्लरी थांबल्यावर हलकेच धरेल आणि ढवळल्यावर सैल होईल. नमुना तुमच्या सर्वांत लांब सुट्टीइतका काळ मोजपात्रात ठेवा आणि काचेची कांडी अलगद सोडा. वर किती स्वच्छ पाणी सुटलं यापेक्षा कांडी तळाला टेकते का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : फ्लो कपमध्ये (तळाच्या छिद्रातून स्लरी गळायला लागणारा वेळ मोजायचा कप) वेळ बरोबर येतो, तरी नॉझल तुंबतं.

आधी चाळणी तपासा. टाकीच्या कडेचे सुके खडे पुष्कळदा तिथेच सापडतात. त्यात काही नसेल, तर व्हिस्कोमीटरवर (दाटपणा मोजणारं यंत्र) अनेक वेगांना मोजा. कप फक्त मंद वाहणं दाखवतो, नॉझलमधला कातर (थर एकमेकांवरून घसरण्याचा वेग) त्याच्या कैक पटींनी जास्त असतो. वेग वाढवताना दाटपणा वाढत असेल, तर सॉलिड्स एक-दोन टक्के खाली आणा.