ऑब्स्टिनेट म्हणजे जिद्दी नव्हे

शब्दकोशात 'ऑब्स्टिनेट' (obstinate) या इंग्रजी शब्दासमोर 'हट्टी, जिद्दी' असं दिसलं म्हणून तुम्ही इंग्रजी वाक्यात 'जिद्दी खेळाडू'साठी तोच वापरलात. चूक समजण्यासारखी आहे, पण अर्थ उलटा झाला. मराठीत जिद्द बहुतेक वेळा कौतुकाची असते. ऑब्स्टिनेटमध्ये कौतुक जवळपास नसतंच. समजावून सांगितलं, कारणं दिली, तरी स्वतःचंच खरं करणारा माणूस म्हणजे ऑब्स्टिनेट. आपला 'हेकट' किंवा 'दुराग्रही' त्याच्या जास्त जवळ जातो. खेळाडूसाठी 'डिटरमिन्ड' (निश्चयी) किंवा 'टेनेशियस' (चिवट) घ्या.

रोजच्या बोलण्यात मात्र 'स्टबर्न' पुरतो. ऑब्स्टिनेट थोडा पुस्तकी आहे, टीकेची धारही जास्त. स्टबर्न लाडानेही म्हणता येतं, आणि न निघणाऱ्या डागालाही तोच शब्द चालतो. ऑब्स्टिनेट मुख्यतः माणसाला आणि त्याच्या वागण्याला लागतो. हटता न हटणाऱ्या खोकल्यालाही कधीकधी लावतात. 'हेडस्ट्राँग'मध्ये हट्टापेक्षा मनमानी जास्त.

उच्चाराचंही सांगतो. मराठीत आपण शेवटी 'नेट' म्हणतो, पण इंग्रजीत तो ऱ्हस्व, 'ऑब्स्टिनट'सारखा, आणि जोर 'ऑब'वर. मीही कित्येक वर्षं 'नेट'च म्हणत होतो! नाम 'ऑब्स्टिनसी'. 'ऑब्स्टिनेटनेस' शब्दकोशात सापडेल, पण कानाला खटकतो, मी तरी टाळतो.

आता ऑब्स्टिनेट माणसाबद्दल, हाच शब्द वापरून, पाच वाक्यं लिहून बघा. प्रत्येकात तो माणूस नेमकं काय ऐकायला तयार नाही, ते आलं पाहिजे.