ट्रकचं इंजिन ऑइल आणि फिल्टर घरी बदलणं, आणि फिल्टरखालची गळती

प्रश्न असा आहे: टर्बो डिझेल पिकअप ट्रकचं ऑइल-फिल्टर घरी बदललं, दोन दिवसांत फिल्टरखाली थेंब दिसू लागले, तर फिल्टर अजून आवळावा का? नवा फिल्टर भरून लावायचा की कोरडा? आणि ताजं ऑइल पहिल्याच दिवशी काळं झालं म्हणजे ते भेसळीचं का?

आधी गळतीचं बघू, कारण ते थांबण्यासारखं काम नाही. फिल्टर आवळू नका आणि कारण कळेपर्यंत गाडी चालवू नका. अशा गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. एकावर एक दोन रिंगा आयडलिंगला धरून राहतात, म्हणून काम झाल्यावर लगेच बघितलं तर सगळं कोरडं दिसतं. पण थंड इंजिन सुरू केल्यावर घट्ट ऑइलचा दाब चढतो, तेव्हा रिंग बाजूला सरकू शकते. तसं झालं की चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) बघता बघता रिकामं होतं आणि बेअरिंग जातात. आवळून हा दोष जात नाही, उलट रिंग सरकायला मदतच होते.

तरी गळती फिल्टरचीच आहे ना, हे पक्कं करा. ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे वरच्या ऑइल कूलरच्या पॅकिंगमधून किंवा प्रेशर सेंसरमधून आलेला थेंबही फिल्टरच्या बुडाशीच लटकतो. सगळा भाग पुसून कोरडा करा, इंजिन दोन मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सर्वांत वरचा ओला भाग हा उगम. तो रिंगेपाशी असेल तर फिल्टर काढा आणि बैठकीवर बोट फिरवा. तिथे दुसरी रिंग नसेल तर उरलेल्या शक्यता या: रिंग कोरडी लावल्यामुळे पीळ पडला, रिंगेवरचं प्लास्टिकचं आवरण काढायचं राहिलं, बैठकीवर मातीचा कण आहे, किंवा आटे जुळतात पण रिंगेचा व्यास वेगळा असलेला फिल्टर आणला गेला. हा शेवटचा प्रकार फसवा असतो. फिल्टर छान फिरत बसतो, पण रिंग बैठकीच्या कडेवर टेकते. त्यामुळे पार्ट नंबर जुळवून झाल्यावरही जुना-नवा फिल्टर शेजारी धरून रिंगेचा व्यास आणि जाडी बघावी.

आता पूर्ण काम. ऑइलचं प्रमाण, ग्रेड आणि घट्टपणाचे आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या. पिकअपचं इंजिन साधारण ६ ते १० लिटर घेतं आणि अवजड ट्रकचं ३० लिटरच्या पुढेही जातं, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा निरुपयोगी. मॅन्युअलमध्ये ‘फिल्टरसह’ आणि ‘फिल्टरशिवाय’ असे दोन आकडे असतील तर फिल्टरसहचा धरा.

ऑइल विकत घेताना लोक १५डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-३० एवढंच बघतात. तो फक्त दाटपणा झाला. डब्यामागची एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) दर्जाची प्रत तितकीच महत्त्वाची. गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं: अवजड डिझेलला एपीआय सीके-४ किंवा एसीईएच्या ई-गटातली कमी राखेची प्रत, हलक्या पिकअपना बहुधा एसीईएचा सी-गट. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळून जाते, ऑइलमधल्या धातुयुक्त मिश्रकांची राख जळत नाही आणि जाळी कायमची भरत जाते. सीके-४ आणि एफए-४ या दोन्ही प्रती २०१६ च्या अखेरीस आल्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. एफए-४ मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, मॅन्युअलमध्ये नाव नसेल तर ते घालू नका.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा. बऱ्याच ट्रकखाली न उचलताच जाता येतं, तेवढं पुरे. उचलावीच लागली तर वजन घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, हायड्रॉलिक जॅक हळूहळू बसतो किंवा एकदम बसतो.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून कोमट करा. कोमट ऑइल लवकर वाहतं आणि काजळी, बारीक कचरा तरंगत असतानाच बाहेर येतो. मात्र लांबचा प्रवास संपवून लगेच ड्रेन प्लग (चेंबरखालचा, ऑइल सोडायचा बोल्ट) उघडलात तर हात भाजेल. वर ऑइल भरायचं झाकण उघडा, डिपस्टिक थोडी ओढून ठेवा, म्हणजे हवा आत जाऊन धार सलग पडते. खालचं घमेलं चेंबरमधल्या पूर्ण ऑइलपेक्षा मोठं हवं. आणि प्लगला पाना लावण्यापूर्वी तो इंजिनाच्याच चेंबरचा आहे ना, हे दोनदा बघा. गिअरबॉक्सचा प्लग उघडून त्याचं ऑइल सांडणं आणि मग इंजिनात दुप्पट भरणं, ही घरच्या कामातली ठरलेली गफलत आहे, आणि एका झटक्यात दोन्ही महागड्या वस्तू धोक्यात येतात.

प्लगला रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट वापरा, फिक्स पान्याने कोपरे झिजतात. शेवटचे आटे हाताने सोडवताना प्लग वर दाबून धरा आणि मोकळा झाला की झटकन बाजूला घ्या. पहिली धार तिरपी आणि लांब जाते, घमेलं त्या अंदाजाने सरकवून ठेवा. नायट्रिलचे हातमोजे घाला. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारणीभूत ठरणारी रसायनं असतात.

ऑइल निथळेपर्यंत प्लग तपासा. चुंबकी प्लगवर करडा, मऊ लेप असणं नेहमीचं. नखाला टोचतील असे तुकडे किंवा चमकणाऱ्या पापड्या दिसल्या तर नवं ऑइल भरून विषय संपत नाही. ऑइल दुधी असेल तर कूलंट आत येतंय असं धरा (झाकणाच्या आतला पातळ पांढरा थर मात्र थंडीत, छोट्या फेऱ्यांमुळेही येतो). पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर किंवा अर्धवट तुटलेलं डीपीएफ रिजनरेशन (जाळीतली काजळी जाळण्याची फेरी) बघायला हवं.

फिल्टर काढायला पट्टा किंवा टोपीसारखा पाना घ्या. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा उपाय शेवटचा, कारण पत्रा फाटतो आणि धरायला काही उरत नाही. फिल्टर निघाल्याबरोबर त्याच्या तोंडावर रिंग आहे का, ते बघा. नसेल तर ती वर चिकटलेली आहे. बैठक स्वच्छ फडक्याने पुसा, धागे सुटणारी चिंधी नको. फिल्टरसोबत मधली आट्यांची नळी निघून आली असेल तर ती आधी इंजिनात परत बसवावी लागेल.

भरून की कोरडा? फिल्टर उभा, तोंड वर करून बसत असेल आणि मॅन्युअल मनाई करत नसेल तर भरून लावलेला चांगला, दाब लवकर येतो. पण ऑइल कडेच्या छोट्या भोकांतून ओता, मधल्या मोठ्या भोकातून कधीच नाही. कडेची बाजू गाळण्याआधीची आहे. मधून ओतलेलं ऑइल कागदातून न जाता थेट बेअरिंग आणि टर्बोकडे जातं, डब्याच्या तोंडावरच्या धुळीसकट. काही इंजिन कंपन्या याच भीतीपोटी कोरडाच लावायला सांगतात, आणि तेही बरोबर आहे. आडवा बसणारा फिल्टर भरण्यात अर्थ नाही, निम्मं ऑइल अंगावर येईल.

रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा. फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, टेकली की फिल्टरवर खूण करा आणि तिथून पाऊण ते एक फेरी, किंवा फिल्टरवर छापलं असेल तेवढीच. पाना काढण्यासाठी असतो, बसवण्यासाठी नाही. पत्र्याच्या डब्याऐवजी झाकणाखाली बसणारं कागदी कार्ट्रिज असेल तर झाकणाची ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घाला, आणि ती जुनी ज्या खाचेत होती त्याच खाचेत बसवा. झाकणावर बहुधा २५ न्यूटन-मीटर असा आकडा कोरलेला असतो. ते प्लास्टिक असतं, जोर केला की तडकतं.

ड्रेन प्लगला वायसर नवा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनिअमचा वायसर दाबला जाऊनच सील करतो, एकदा दाबलेला परत दबत नाही. मग लोक गळती थांबवायला प्लग आणखी आवळतात आणि अॅल्युमिनिअम चेंबरचे आटे जातात. प्लग हाताने तीन-चार फेऱ्या सहज गेला पाहिजे. अडला तर काढून परत लावा. शेवटचा घट्टपणा टॉर्क पान्याने द्या.

भरताना सांगितलेल्या प्रमाणापेक्षा लिटरभर कमी घाला. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता सुरू करा. दाबाचा दिवा पाच-दहा सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद. या सेकंदांत रेस करू नये, कारण टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखावर फेऱ्या घेऊ शकतो आणि तो थर अजून तिथे पोहोचलेला नसतो. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून खाली बघा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून मोजा आणि थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आणा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे इथे चुकीचं आहे. पातळी क्रँकपर्यंत गेली की ऑइल घुसळून फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ऑइल गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटू शकतं आणि मग चावीने बंद होत नाही. जास्त झालेलं काढून टाका.

काळ्या रंगाबद्दल: डिझेलमध्ये हे होणारच. चेंबरच्या कोपऱ्यांत आणि नळ्यांत थोडं जुनं ऑइल राहतंच, त्यातली काजळी सगळं काळं करायला पुरते. शिवाय काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. रंगावरून ऑइल बदलायची वेळ ठरत नाही, ती किलोमीटर, महिने आणि इंजिनाच्या तासांवरून ठरते. पंप किंवा क्रेन चालवायला ट्रक तासन्‌तास उभा चालत असेल तर किलोमीटरचा आकडा फसवतो, तिथे तास धरा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पातळी आणि दोन्ही सांधे परत बघा, सर्व्हिसचा इशारा रिसेट करा. जुना फिल्टर घमेल्यावर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या. ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत.