खान्देशातलं घराणं शोधताना

भाऊ, नुसतं आडनाव घेऊन तहसीलला जाऊ नकोस, आधी मूळ गाव पक्कं कर. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधीच्या कागदावर फक्त ‘खान्देश’ दिसलं तर धुळे-जळगाव दोन्हीकडे बघावं लागतं. मग अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, माग. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, आडनाव असेलच असं नाही. म्हणून खापरपणजोबांचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचार, खरंच आजच. शाळेचा दाखला नंतर काढता येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या, मात्र सोडू नकोस. गाव आणि आडनाव सांगितलं की कधीकधी भाऊ-पुतण्यांसकट अख्खी पिढी सापडते. आणि मोडी शीक, निदान नावं वाचण्यापुरती.