सहकाऱ्याची नोकरी गेलीय, आता त्याच्याशी कसं वागावं? त्याला काय मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की वेर्ण्याच्या कारखान्यात अठरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलेल्या, तुम्हाला मशीन हाताळायला शिकवलेल्या माणसाला कंपनीने कमी केलं आणि तुम्ही मात्र राहिलात. तीन आठवडे झाले, पण फोन करायचा धीर होत नाही.

फोन करा, आजच. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. तुम्ही गप्प आहात ते संकोचापोटी, पण त्यांच्या घरात त्याचा अर्थ वेगळा लागत असणार. हे मी अशा घरातली मुलगी म्हणून सांगतेय.

माझे बाबा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, खाणीतलं खनिज वाहणारे ट्रकमालक. मालक म्हणजे काय, तर एकच टिप्पर, तोही कर्जावर, आणि स्टिअरिंगवर स्वतः. पावसाळ्यात खाणी तशाही थांबतात. त्या दिवसांत ट्रकची डागडुजी करायची आणि पाऊस सरला की पुन्हा खेपा मारायच्या, असं आमच्याकडचं वर्ष असायचं. २०१२ च्या पावसात बाबांनी सहाही टायर नवे टाकले होते, उधारीवर. सप्टेंबरात, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जेमतेम आठवड्यावर आलेली असताना, राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते झिजलेही नव्हते. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा दर दोन-तीन दिवसांनी सकाळी अंगणात ट्रक चालू करायचे, दहा मिनिटं तसेच केबिनमध्ये बसायचे आणि बंद करून खाली उतरायचे. तो आवाज आला की आई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवायची.

लोक वाईट नव्हते. जो भेटेल तो म्हणायचा, "काही लागलं तर सांग हं." बाबांनी एकालाही काही सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगायचं म्हणजे आपल्या घरात काय कमी पडलंय ते आपल्याच तोंडाने बोलायचं. आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "मायनिंग कधी सुरू होणार, काही कळलं का?" बाजारात चारजण भेटले तर चारदा तेच. पुढे पुढे बाबा बाजारात जायचेच बंद झाले. मासळी आणायला आई जाऊ लागली.

वेगळे वागले ते शेजारचे निवृत्त मास्तर. चवथीच्या दोन दिवस आधी ते आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "माका एकट्याक माटोळी बांदूंक जमना रे. तूं येतलो मरे?" मुलगा परदेशी, मास्तरांचे गुडघे दुखरे, स्टुलावर चढणं होत नव्हतं, ही गोष्ट खरीच होती. पण गावात चढणारे दुसरेही होते. ते आले बाबांकडे.

मीही बाबांबरोबर गेले होते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे, नीरफणस, रानातून आणलेल्या कांगण्या आणि माट्टुळ्या. मास्तर खालून एकेक वस्तू देत होते, बाबा वर केवणीच्या दोराने बांधत होते. खनिजावर ताडपत्री बांधून बांधून बाबांच्या हाताला गाठ अशी बसली होती की तोरंजनासारखं जड फळही हलायचं नाही. मास्तर मध्येच म्हणाले, "हांव इतलीं वर्सां बांदतां, म्हजी गांठ अशी केन्नाच बसूंक ना." बाबा हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसताना मी पाहिले.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं हे, की द्यायला जाण्याआधी त्यांच्याकडे काहीतरी मागा. खरोखर अडलेलं मागा, उगीच बनवलेलं नको. ते लगेच ओळखू येतं. मशीन त्यांनीच शिकवलंय तुम्हाला. अठरा वर्षांत त्यांना ठाऊक असलेली आणि तुम्हाला अजून न जमलेली एक तरी गोष्ट असेलच. ती विचारा. काम गेलं की पगार जातो हे सगळ्यांना दिसतं, पण "हे तुलाच येतं" असं म्हणणारं कोणी उरत नाही, ते फक्त त्या माणसाला कळत असतं. त्यांच्यासमोर कंपनीला शिव्या घालत बसू नका, आणि "तुमच्या जागी मी जायला हवा होतो" असंही म्हणू नका. मग त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागेल.

मदत करायची ती नेमकी करा, आणि कागदापासून सुरुवात करा. सरकारने खाणबंदीत ट्रकमालकांसाठी अर्थसाहाय्याची योजना काढली तेव्हा बाबा अर्ज हातात घेऊन नुसते बसून होते. मास्तरांची सून संध्याकाळी आली, आरसी बुक, विमा, पासबुक असं सगळं टेबलावर मांडलं, काय नाही त्याची यादी केली आणि दुसऱ्या दिवशी डिचोलीला जाताना झेरॉक्स काढून आणल्या. अर्ज मात्र तिने बाबांनाच लिहायला लावला. ती फक्त शेजारी बसली.

तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवलीय का ते पाहायला सांगा. ती नसेल तर पैसे काढताना अडतं. अठरा वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची आहे, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, आणि हे घरात कोणी आजारी पडेपर्यंत लक्षातच येत नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का, आणि त्याचं नूतनीकरण झालंय का, ते विचारा. गोव्यात पाच वर्षांहून जास्त राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. हे सगळं फोनवर सांगून त्यांच्या डोक्यात राहणार नाही. एका रविवारी जाऊन त्यांच्या शेजारी बसा.

दुसरी नोकरी सुचवायची घाई करू नका, ही गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. शाळेच्या बालरथाला, म्हणजे मुलांच्या बसला, ड्रायव्हर हवाय हे मास्तरांनी आम्हाला सांगितलं तेव्हा बाबा उठून आत गेले. स्वतःच्या ट्रकवर बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या बसवर पगारी बसायचं, हे त्यांना सोसवेना. मास्तर पुन्हा त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. पण संध्याकाळचं त्यांचं येणं चुकलं नाही. पहिल्या पंधरवड्यात येणारे बाकीचे लोक तोवर कधीच आपापल्या कामाला लागले होते. मास्तर यायचे, चहा घ्यायचे, पेपरातलं काहीबाही बोलायचे. खाणींचा विषय त्यांनी स्वतः एकदाही काढला नाही. पाच महिन्यांनी बाबांनीच विचारलं, "ती जागा भरली काय हो?" ती भरलेली होती. मग मास्तर दुसऱ्या शाळेत चौकशीला त्यांच्याबरोबर कदंबा बसने गेले, गुडघे धरत. ती नोकरी मिळाली. ट्रक विकायला मात्र बाबांना आणखी दीड वर्ष लागलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा थांबल्या. आमच्या वाड्यावरच्या एका पोराने आदल्याच वर्षी टिप्पर घेतला होता. बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले, तेव्हा आमच्या ओसरीवर तो स्टुलावर उभा होता आणि बाबा खालून त्याला नारळ देत होते.

तर फोन करा, आणि फोनवर ते फारसे बोलले नाहीत तरी रविवारी जा. ग्रॅच्युइटीचा अर्ज महिन्याभरात द्यायचा असतो, आणि तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, हेही त्यांना सांगा.