धुळे-जळगावकडची माणसं घरी मराठीच बोलतात की दुसरी भाषा?

धुळे जिल्हा आणि जळगावचा पश्चिम भाग, म्हणजे अमळनेर, चाळीसगावकडे, खेड्यातल्या घरांत बहुतेक अहिराणी चालते. शाळा, कचेरी आणि पाहुण्यांशी मराठी. नाशिकच्या मालेगाव, बागलाणपर्यंत हेच. कानाला फरक लगेच कळतो: 'मला भूक लागली'चं 'माले भूक लागनी' होतं, 'माझा, तुझा'चं 'मना, तुना', आणि 'आहे'च्या जागी 'शे'. जळगाव म्हटलं की सरसकट अहिराणी धरतात, ते मात्र चूक. रावेर, यावल, भुसावळकडच्या लेवा पाटीदार घरांत लेवा गणबोली असते, ती अहिराणी नव्हे. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे गुजर कुटुंबांत गुजरी, तर सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याला भिली आणि पावरी. त्यामुळे नुसता जिल्हा विचारून भागत नाही, तालुका आणि समाजही विचारा. जनगणनेचा आकडा बघणार असाल तर २०११ च्या तक्त्यात अहिराणी 'खानदेशी' या नोंदीखाली शोधा, मराठीखाली नाही. तोही जपून वापरा, कारण घरी अहिराणी बोलणारे कितीतरी जण मातृभाषा विचारली की 'मराठी' सांगून मोकळे होतात.